रिसीटमधला तो ‘प’

पत्र बरंच मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

“ताई, माझं वय ३६. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकले, इंग्रजी पाचवीपासून होतं. बी.कॉम. झाले, आता पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मेल वाचते, लिहिते, कामात कुणी नाव ठेवत नाही. पण दर सोमवारी बाहेरच्या ऑफिसबरोबर कॉल असतो तेव्हा माझी बोबडी वळते. मागच्या महिन्यात धीर करून बोलले, तर ‘रिसीप्ट’ आणि ‘डेब्टर’ असं म्हणाले, प आणि ब स्पष्ट उच्चारून, आणि टीममधला एक मुलगा हसला. सगळ्यांना ऐकू गेलं. घरी येऊन रडले. मुलगी इंग्रजी मीडियमला दुसरीत आहे, तीही म्हणते, ‘आई, असं नसतं म्हणायचं.’ मिस्टर म्हणतात आता घरातही इंग्रजीच बोला, दोघींचं सुधारेल. ताई, पंचवीस वर्षं झाली इंग्रजी शिकायला लागून. ते आपल्यालाच एवढं अवघड का जातं? की माझंच डोकं कमी आहे? (मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.) ता. क. मेलमध्ये मी ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’ लिहिते, तेही चूक आहे का?”

अगं,

आधी त्या ‘प’चं सांगते कारण तो तुझ्या मनात रुतून बसलाय. रिसीट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात प नव्हताच, त्या काळच्या इंग्रजीत तो आर-ई-सी-ई-आय-टी-ई असा लिहायचे, बोलण्यातही प नाही आणि लिहिण्यातही नाही. मग तिथल्या विद्वान मंडळींना वाटलं की मूळ लॅटिन शब्दात प आहे तर आपणही तो दाखवला पाहिजे, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये प घातला आणि लोक मात्र आधीसारखंच रिसीट म्हणत राहिले. डेटचं, म्हणजे कर्जाच्या शब्दाचं, तेच. चौदाव्या शतकात तो डी-ई-टी-टी-ई होता, लॅटिनमधला ‘डेबिटम’ आठवून त्यात ब घुसवला. आणि गंमत बघ, रिसीटच्याच कुळातले डिसीट (फसवणूक) आणि कन्सीट (घमेंड), त्यांच्यात तो प टिकला नाही! म्हणजे एकाच घरातल्या तीन भावंडांपैकी एकाच्याच गळ्यात हा दागिना. तू स्पेलिंग बघून इमानदारीत वाचलंस, कारण तुला पहिलीपासून तेच शिकवलं होतं की जे लिहिलंय ते वाचायचं. बाराखडी शिकलेलं कुठलंही मूल तसंच वाचेल. इथे तुझं डोकं कमी पडलेलं नाही गं, तू मराठीचा नियम इंग्रजीला लावलास आणि इंग्रजीला तो नियम लागू होत नाही, एवढंच.

का लागू होत नाही, तर इंग्रजीत अक्षरं २६ आणि बोलण्यातले वेगवेगळे आवाज साधारण ४४. नुसते स्वरच वीसेक आहेत आणि ते लिहायला ए-ई-आय-ओ-यू ही पाच अक्षरं. शिवाय १४७६ मध्ये कॅक्स्टनने लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंग पक्की व्हायला लागली, आणि नेमकं त्याच काळात, म्हणजे ढोबळमानाने १४०० ते १७०० च्या दरम्यान, लोकांचे उच्चार भराभर बदलत होते. नाइट, म्हणजे सरदार, त्यात सुरुवातीला ‘के’ खरोखर उच्चारायचे आणि मधल्या ‘जीएच’चाही घशातून ख सारखा आवाज काढायचे. आवाज गेले, अक्षरं राहिली. म्हणून इंग्रजी स्पेलिंग म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलण्याचा जुना फोटो आहे असं मी वर्गात सांगायचे, फोटोतला माणूस आता तसा दिसत नाही. आपल्याकडेही हे अगदी नाही असं नाही हं. ‘चार’ आणि ‘चारा’ यातला च एकच लिहितो पण म्हणतो वेगळा, आणि बाहेरून आलेला माणूस तिथे अडखळतोच. पण आपल्याकडे अशा जागा मोजक्या, इंग्रजीत पावलोपावली.

आता मी तुला जी गोष्ट सांगणार आहे ती तुझ्या कामाची आहे म्हणून नीट वाच. तू ब काढून ‘डेट’ म्हणायला लागलीस की अर्धंच काम होतं. कारण आपण मराठीत तारखेची डेट आणि कर्जाची डेट, दोन्ही एकसारखं लिहितो आणि एकसारखंच म्हणतो. मराठीत ए एकच आहे. इंग्रजीत दोन. कर्जाचा ए आखूड, जीभ लगेच मागे येते, डेट्. तारखेचा ए लांब आणि शेवटी किंचित इ कडे वळणारा, डेइट. तसंच पेन आणि पेइन, टेस्ट आणि टेइस्ट, लेट आणि लेइट. अकाउंट्सच्या कॉलवर ‘डेट’ शब्द दहादा येतो, तिथे समोरच्याला कळत नसेल की तू देणं म्हणतेयस की तारीख, तर तो “सॉरी?” म्हणतो, आणि तुला वाटतं आपलं इंग्रजी वाईट. तुझा कान हा फरक ऐकतच नाहीये कारण लहानपणी तुझ्या कानाला तो फरक ऐकायची गरजच पडली नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण वेगळं लिहितो, पण बोलताना कोण वेगळं म्हणतं? अर्थ वाक्यावरून कळतो. म्हणून शिप आणि शीप, फुल आणि फूल, लिव्ह आणि लीव्ह हे आपल्या तोंडून एकसारखेच निघतात. इंग्रजांना ळ तसाच, वर्षानुवर्षं इथे राहिले तरी त्यांच्या तोंडून कमल आणि बालच यायचं.

मी पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं, त्याआधी स्वतः खेड्यातल्या शाळेत शिकले, त्यामुळे तू कुठून आलीयस ते मला चांगलं माहितीये. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं २००० साली. तुझी पिढी त्याच्या आधीची, म्हणजे पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी. त्यात पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुलं. हिशोब तूच कर, अकाउंट्सवाली आहेस, शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी एका मुलाच्या वाट्याला बोलायला पस्तीस सेकंद येतात. आणि शिक्षक तर पूर्ण तास बोलायचे, तेही धडा मराठीत समजावून सांगायला. परीक्षेत काय, तर ‘डू ॲज डायरेक्टेड’, रिमूव्ह ‘टू’, चेंज द व्हॉइस, ‘नो सूनर दॅन’ वापरून लिहा. मीही तेच शिकवलं बरीच वर्षं, आणि माझे विद्यार्थी पेपरात चांगले मार्क घेऊन इंटरव्ह्यूला गप्प बसून यायचे, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण यांना भाषा कानावाटे दिलीच नाही, फक्त डोळ्यावाटे दिली. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुझं पंचवीस वर्षं हे गणित मला मान्य नाही. तू पंचवीस वर्षं इंग्रजी वाचलंस आणि लिहिलंस. बोलायला शिकायला तू आत्ता कुठे, त्या कॉलवर, सुरुवात केलीयस.

आणि ‘आपल्यालाच’ अवघड जातं का, तर नाही, दोन्हीकडून अंतर सारखंच आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला फ्रेंच शिकायला ३० आठवडे लागतात आणि हिंदीला ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास वर्गात बसून. हिंदी म्हणजे आपल्या मराठीची सख्खी चुलत बहीण. ही माणसं मोठी, शिकलेली, पगार घेऊन दिवसभर तेवढंच करणारी, छोट्या वर्गात. तरी ११०० तास. तुझे बोलण्याचे तास किती झाले असतील आजवर?

आता वाक्याकडे ये. इंग्रजीत आपण अडतो ते शब्दांवर कमी आणि सांध्यांवर जास्त. मराठीत प्रश्न विचारायचा तर काय लागतं? “तू बँकेत गेलीस” याला शेवटी ‘का’ लावला, झाला प्रश्न. नुसता आवाज वर नेला तरी झाला. इंग्रजीत त्यासाठी एक ‘डू’ नावाचा गडी बोलवावा लागतो ज्याचा तिथे स्वतःचा काही अर्थच नाही, आणि तो आला की भूतकाळाचं ओझं क्रियापदाच्या डोक्यावरून उतरवून याच्या डोक्यावर द्यायचं, म्हणून ‘डिड यू गो’. आपण ‘डिड यू वेन्ट’ म्हणतो कारण ‘गेलीस’ मधला भूतकाळ आपल्या डोक्यातून जात नाही, तो दोनदा येतो. ही चूक मी हजारो वह्यांमध्ये लाल केलीय, हुशार मुलांच्या वह्यांमध्येसुद्धा.

मग ‘मला’. मला भूक लागली, मला राग आला, मला ताप आहे, मला आठवलं, मला दोन भाऊ आहेत. मराठीत या सगळ्या गोष्टी माणसाकडे चालत येतात. इंग्रजीत सगळीकडे ‘आय’ पुढे उभा, आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीव्हर, आय रिमेंबर्ड. आणि हो, भाषासुद्धा आपल्याला ‘येते’ नाहीतर ‘येत नाही’, जसा पाऊस येतो. तू पत्रात तीनदा लिहिलंयस, “मला इंग्रजी येत नाही”. ज्या बाईने मागच्या मार्चला इयर-एंडचे सगळे मेल इंग्रजीत लिहिले, हे तूच लिहिलंयस, तिने असं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

शब्दयोगी अव्ययांचं आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ चं मी तुला आत्ता काहीच सांगणार नाही. सोमवारी, जूनमध्ये, पाच वाजता, हे आपण जसं विचार न करता म्हणतो तसंच ते ऑन मंडे, इन जून, ॲट फाइव्ह म्हणतात, ते पाठच असतं. ‘द’ कुठे लावायचा हे तर आपल्या लिंगासारखं आहे. खुर्ची ती का, टेबल ते का आणि पंखा तो का, हे तुला कुणी विचारलं तर सांगता येईल? तुझ्या शेजारच्या हिंदीवाल्या काकू “माझा टेबल” म्हणाल्या तर तू हसतेस का? नाही, तुला उलट कौतुक वाटतं की मराठी बोलतायत. ‘द’ चुकला तर समोरच्याला अर्थ कळतो. सोडून दे तो, वाचता वाचता हळूहळू बसेल.

जे सोडू नको ते म्हणजे आघात. हे शाळेत कुणीच शिकवत नाही आणि समजण्या-न समजण्याचा अर्धा मामला इथेच असतो. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो, डे-व्ह-लप-मेंट. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची दाबून टाकायची, दि-व्हे-लप-मन्ट, जोर ‘व्हे’ वर. कंफर्टेबल हा आपण चार तुकड्यांत म्हणतो, त्यांच्या तोंडात तो तीनच तुकड्यांचा होतो, कम्फ्-ट-बल. तुझ्या कामातला शब्द घे, इन्क्रीज. वाढ म्हणायची असेल तर जोर ‘इन्’ वर, वाढवणे म्हणायचं असेल तर जोर ‘क्रीज’ वर. रेकन्साइल, जोर पहिल्या ‘रे’ वर. इन्व्हॉइस, जोर ‘इन्’ वर. डिप्रीशिएशन, जोर ‘ए’ वर. तुला कॉलवरचे लोक फार भरभर बोलतायत असं वाटतं ना, ते भरभर बोलत नसतात गं, ते बिनजोराची अक्षरं गिळत असतात, आणि तुझा कान त्या गिळलेल्या अक्षरांची वाट बघत मागे राहतो.

तर करायचं काय. एक छोटी वही कर, फक्त तुझ्या कामाच्या शब्दांची, चाळीस पुरेत. व्होकॅब्युलरीची जाडजूड पुस्तकं नकोत, तुला ‘क्वार्टर’, ‘व्हेरिअन्स’, ‘अक्रुअल’, ‘लेजर’ लागतात, ते लिही. फोनवर डिक्शनरीत शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं ते दाबून तीनदा ऐक, मग देवनागरीत जसं ऐकलंस तसं लिही आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मार. देवनागरीत लिहायची लाज वाटू देऊ नको, उच्चार पकडायला आपली लिपी फार चांगली आहे. रोज पाच शब्द मोठ्याने. मनात नाही, मोठ्याने, कारण जिभेला सवय हवीय.

सोमवारच्या कॉलसाठी रविवारी तीन वाक्यं तयार ठेव आणि पोळ्या लाटताना, गाडीवर, जिथे एकटी असशील तिथे दहा-दहा वेळा म्हण. “द रिसीट्स आर अपडेटेड टिल फ्रायडे.” “कुड यू से दॅट अगेन, प्लीज?” “लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू बाय फोर.” ही तिसरी तर सोन्यासारखी आहे, ती म्हणता आली की कुठल्याही प्रश्नाला तू गप्प राहत नाहीस आणि तुला वेळ मिळतो. आणि कॉल सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एकदा तोंड उघड, “गुड मॉर्निंग, कॅन यू हिअर मी?” एवढं का होईना. वीस मिनिटं गप्प बसून मग बोलायला गेलं की घसा बसतो, हे मी स्टाफरूममध्येही पाहिलंय.

दोन आठवडे फक्त ‘डिड’ सांभाळ. डिड आला की मागे मूळ क्रियापद, डिड यू सेंड, डिड ही पे, वुई डिडन्ट रिसीव्ह. बाकीच्या चुका होऊ दे. एका वेळी दहा गोष्टी सुधारायला गेलीस की बोलताना डोक्यात व्याकरणाचा पेपर सुरू होतो आणि वाक्य अर्ध्यात थांबतं. मग रोज दहा मिनिटं एखादं इंग्रजी बातमीपत्र लाव, एक मिनिटाचा तुकडा घे, ऐक, आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्या निवेदकाबरोबर बोल, त्याच्या पाठोपाठ, अर्थ नाही कळला तरी त्याच्या आवाजाची चढउतार पकडत. थ आणि व चे आवाज नाही जमले तरी चालतात, आपला मराठी थ जगभर समजतो.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचार, तासाला मी स्वतः किती मिनिटं बोलणार? दहाच्या खाली असेल तर ते पैसे मुलीच्या पुस्तकांना ठेव.

हसलेल्या मुलाचं म्हणशील तर एकदा चहाला गाठून शांतपणे मराठीत सांग, मला उच्चार चुकला तर नंतर येऊन सांगत जा, मला शिकायचंय, पण कॉलवर हसू नकोस. एवढंच. बहुतेक पोरांना कळतं, त्यातल्या कित्येकांच्या आया तुझ्यासारख्याच शाळेतून आलेल्या असतात. नाहीच कळलं तर मॅनेजरला सांगायला कचरू नको.

आता मिस्टरांचं. घरात इंग्रजी बोलायचं नाही. हे मी अगदी ठाम सांगते. मुलीला इंग्रजी शाळेत दिवसभर मिळतंय, तिच्या कानावर ते नर्सरीपासून पडतंय म्हणून तिचा उच्चार बरोबर येतो, त्यात तिची हुशारी कमी आणि कान जास्त आहे. पण तिला गोष्ट सांगणारी, रागावणारी, समजूत काढणारी आई तुझ्या मराठीत आहे. तू इंग्रजीत बोलायला लागलीस तर तिच्याशी तू मोजूनमापून बोलशील, “कम”, “ईट”, “डोन्ट डू” एवढ्यावर येशील आणि तिला अर्धीच आई मिळेल. त्याऐवजी असं कर, रात्री झोपताना तिने तुला तिच्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं आणि तू तिला मराठी गोष्टीचं. ती तुझा ‘शिप’ दुरुस्त करेल, तू तिचा ‘ळ’ दुरुस्त कर. माझ्या एका विद्यार्थिनीने हेच केलं होतं, तिचा मुलगा ‘बाल’ म्हणायचा बाळाला, दोन महिन्यांनी दोघांनी फोनवर मला आपापला शब्द म्हणून दाखवला, आधी त्याने बाळ, मग तिने शीप.

ता. क. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. उत्तर द्या या अर्थाने तो भारतातल्या ऑफिसांमध्ये चालतो, इथल्या इथे मेल असेल तर कुणाला खटकणार नाही, फक्त ‘बॅक’ काढून टाक कारण परत त्या शब्दातच आहे. बाहेरच्या ऑफिसला मात्र “प्लीज रिप्लाय बाय थर्सडे” असं सरळ लिही. आणि डेटर, ब शिवाय, ए आखूड, जोर पहिल्या अक्षरावर.